लिमिट स्विच लागला, पण पीसी गुंतलेला असेल तर?

प्रश्न : आमच्या मशीनच्या पीसीत मोशन कंट्रोल कार्ड आहे. लिमिट स्विच लागला की कार्ड पीसीला 'इंटरप्ट' देतं, असं सर्व्हिसवाले सांगून गेले. पण नेमकं तेव्हाच विंडोज कुठे अडकलं असेल, तर स्लाइड जाऊन धडकणार नाही का?

उत्तर : शंका रास्त आहे. सेकंदाला ५०० मि.मी. वेगाने धावणारा अ‍ॅक्सिस १० मिलिसेकंदांत ५ मि.मी. पुढे जातो, आणि विंडोजला एवढा उशीर होणं काही नवल नाही. म्हणूनच थांबवण्याचं काम पीसीवर सोडत नाहीत. लिमिटचा सिग्नल आला की कार्ड स्वतःच पल्स तोडतं किंवा वेग उतरवतं. इंटरप्ट ही मागाहून दिलेली वर्दी. मात्र कार्डाच्या सेटिंगमध्ये लिमिट चालू हवा आणि स्विचचा प्रकार बरोबर भरलेला हवा. नॉर्मली क्लोज्ड स्विच केव्हाही बरा. तार तुटली तरी अ‍ॅक्सिस थांबतो.

मग वर्दी कशाला? ती नसेल तर पीसीने सारखं 'झालं का, झालं का' विचारत बसायचं. कोणत्या घटनेची वर्दी हवी, हे मास्क रजिस्टरमधल्या बिटांनी ठरतं. पीसीतला ड्रायव्हर प्रोग्रॅम आधी सगळे बिट बंद करतो, जुने स्टेटस पुसतो, हँडलर (वर्दी आली की धावणारा कोड) नोंदवतो आणि शेवटी हवे तेवढेच बिट उघडतो. हा क्रम चुकला की मशीन चालू करताच जुनीच वर्दी येऊन आदळते.

खरी मेख पुढे आहे. पीसीआय बसवर अनेक कार्डांना एकच इंटरप्ट लाइन वाट्याला येऊ शकते. वाड्याच्या दिंडीवर एकच घंटा असली, की पाहुणा आपला का हे ज्याने त्याने पाहायचं. तसं ड्रायव्हर आपल्या कार्डाचं स्टेटस वाचतो. काम आपलं नसेल तर बाजूला होतो. आपलं असेल तर कार्डावरचं कारण पुसावंच लागतं. नाही पुसलं तर लाइन तशीच दाबलेली राहते, हँडलर संपताक्षणी पुन्हा धावतो आणि पीसी गोठतो. लोक मग विंडोजला शिव्या घालतात! पीसीआय एक्सप्रेसच्या संदेशरूपी इंटरप्टमुळे हा वाटणीचा घोळ मिटला. तरी हँडलर आखूडच हवा. फाइल लिहिणं, स्क्रीनवर संदेश दाखवणं ही कामं नंतरची.

इमर्जन्सी बटणाला यातलं काहीच लागू नाही. ते सेफ्टी रिलेमार्गे थेट ड्राइव्हपर्यंत गेलेलं हवं. तुमच्याकडे ते नुसतं कार्डाच्या इनपुटला जोडलेलं असेल, तर आधी वायरिंग बदलून घ्या.