गर्भाशयाच्या शस्त्रक्रियेनंतरचे मूत्रनियंत्रण : कुटुंबीयांसाठी माहिती

गर्भाशयाची पिशवी काढल्यावर लघवीवर ताबा राहत नाही, ही तक्रार रुग्ण भगिनी सहसा स्वतःहून सांगत नाहीत. कंबरदुखी सांगतात, अशक्तपणा सांगतात. हे मात्र अंगावर काढतात. म्हणून या विषयास अहवालात जागा देणे उचित वाटले.

आपल्या पाथर्डी, शेवगाव, जामखेड भागांतून दरवर्षी अनेक कुटुंबे ऊसतोडणीस जातात. शेजारच्या बीड जिल्ह्यात २०१९ साली डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील शासकीय समितीच्या काळात झालेल्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढल्याचे आढळले. शस्त्रक्रियेनंतर साधारण सहा आठवडे जड ओझे उचलू नये, असे डॉक्टर सांगतात. डोक्यावर मोळी वाहणाऱ्या आणि खाड्याचा दंड भरणाऱ्या स्त्रीने तो सल्ला पाळावा कसा? हा प्रश्न औषधापेक्षा मुकादमाच्या उचलीशी अधिक निगडित आहे.

मूत्राशय गर्भाशयाच्या अगदी पुढे असते. शस्त्रक्रियेत ते अलग करावे लागते. स्वीडनमधील एका मोठ्या अभ्यासात (२००७) असे दिसले की, गर्भाशय काढलेल्या स्त्रियांना लघवी गळण्यासाठी पुढे पुन्हा शस्त्रक्रिया लागण्याचे प्रमाण इतरांच्या दुपटीहून अधिक होते.

खोकताना, शिंकताना, ओझे उचलताना गळणे हे बहुधा ओटीपोटाच्या तळाचे स्नायू सैल पडल्याचे लक्षण असते. परंतु शस्त्रक्रियेनंतर थोड्याच दिवसांत, संवेदना नसताना, रात्रंदिवस थेंब थेंब गळू लागल्यास मूत्राशय व योनिमार्ग यांमध्ये छिद्र पडल्याची शंका घ्यावी. मूत्राशयात निळे औषध सोडून ते तपासता येते. छिद्र लहान असून लवकर कळल्यास काही आठवडे नळी ठेवून भरून येऊ शकते; अन्यथा शस्त्रक्रिया करावी लागते. व्यायामाने ते बुजत नाही. ‘ऑपरेशननंतर असे व्हायचेच’ म्हणून घरची मंडळी वर्षे घालवितात, हे योग्य नव्हे.

स्नायू सैल पडले असल्यास डॉ. आर्नोल्ड कीगल यांनी १९४८ साली मांडलेला व्यायाम उपयुक्त ठरतो. लघवी रोखल्याप्रमाणे स्नायू पाच ते दहा सेकंद आवळून सोडावेत. असे दहा वेळा, दिवसातून तीनदा, किमान तीन महिने करावे. पाणी पिणे मात्र तोडू नये; त्याने जंतुसंसर्ग वाढतो.

या व्यायामास यंत्र लागत नाही, त्यामुळे बिलही होत नाही. यंत्रासाठी दाता भेटतो. शिकविणाऱ्या परिचारिकेच्या वेतनास व पडद्याच्या खोलीस तो भेटणे कठीण जाते, असा हिशेब लिहिणाऱ्याचा अनुभव आहे.

संमतिपत्रावर अंगठा उठविण्यापूर्वी औषधोपचाराने भागेल काय, हे कुटुंबीयांनी अवश्य विचारावे. घरी परतल्यावर कपडे सतत ओले राहत असल्यास पुढील तारखेची वाट न पाहता शस्त्रक्रियेची कागदपत्रे घेऊन त्वरित यावे.