नकारासाठी दिलेला प्रस्ताव

प्रश्न : ‘मनीबॉल’ चित्रपटात ओकलंडच्या बेसबॉल संघातले तीन मोठे खेळाडू एकाच हिवाळ्यात सोडून जातात. नंतर कुठेतरी वाचलं, की असे खेळाडू जाण्याआधी संघ त्यांना लवादाचा प्रस्ताव द्यायचे आणि त्यांनी तो नाकारावा अशीच त्यांची इच्छा असायची. जो ठेवायचाच नाही, त्याच्यापुढे प्रस्ताव कशाला?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : ठेवायचा नसतो असं नाही, बरेचदा परवडत नसतो. आणि तो जाणारच असेल, तर जाताना काहीतरी देऊन जावा, एवढाच हिशेब.

अमेरिकेच्या मेजर लीगमध्ये सहा वर्षं खेळलेला आणि करार संपलेला खेळाडू फ्री एजंट होतो, म्हणजे कुठल्याही संघाकडे जायला मोकळा. हा हक्क त्याला पीटर सीट्झ या लवादाच्या डिसेंबर 1975 मधल्या निवाड्याने मिळाला. मालकांना तो कधीच पचला नाही. खेळाडू गेला तर आम्हाला भरपाई हवी, असा त्यांनी हट्ट धरला आणि त्यातूनच 1981 चा संप झाला. ऐन मोसमात 712 सामने बुडाले. त्यानंतरच्या तडजोडीत काही काळ भरपाई म्हणून दुसऱ्या संघांचे चालू खेळाडूच उचलता येत होते. 1984 साली शिकागो व्हाइट सॉक्सने न्यूयॉर्क मेट्सचा लाडका पिचर टॉम सीव्हर असाच उचलून नेला. गंमत म्हणजे व्हाइट सॉक्सचा जो खेळाडू गेला होता, तो मेट्सकडे गेलाच नव्हता, टोरांटोकडे गेला होता. ही पद्धत लवकरच गुंडाळली गेली आणि भरपाई उरली ती ड्राफ्टमधल्या क्रमांकांची.

ड्राफ्ट म्हणजे शाळा-कॉलेजातल्या नव्या खेळाडूंची पाळीपाळीने निवड. त्या काळी निवडीची पाळी विकता किंवा बदलून घेता येत नसे, म्हणून जादा पाळी मिळण्याचे मार्ग फार थोडे. शिवाय नवा खेळाडू मोठ्या लीगमध्ये आल्यावर पहिली सुमारे तीन वर्षं जवळजवळ किमान पगारात खेळतो. कमी पैशांवर चालणाऱ्या संघाला याहून मोठं घबाड कुठलं?

2011 पर्यंतचा नियम असा होता. एलायस ही आकडेवारी ठेवणारी संस्था मागच्या दोन मोसमांवरून खेळाडूंची क्रमवारी लावी. वरच्या गटातला तो ‘ए’, त्याखालचा ‘बी’. जुन्या संघाने मुदतीत लवादाचा प्रस्ताव दिला (म्हणजे ‘आणखी एक वर्ष आमच्याकडेच राहा, पगारावर जमलं नाही तर लवाद ठरवेल’) आणि खेळाडूने तो नाकारून दुसरीकडे सही केली, की ‘ए’साठी नव्या संघाची पहिल्या फेरीतली पाळी मिळे, वर पहिल्या आणि दुसऱ्या फेरीच्या मधली आणखी एक. ‘बी’साठी फक्त ही मधली. नवा संघ तळातल्या निम्म्यांपैकी असेल, तर त्याची पहिली पाळी शाबूत राही आणि दुसऱ्या फेरीतली जाई. प्रस्ताव दिलाच नाही, तर हात रिकामे.

चित्रपटातले ते तिघे, म्हणजे ओकलंडचे जिआंबी, डेमन आणि इझ्रिंगहाउझन, 2001 नंतर गेले. त्यांच्या बदल्यात सहा पाळ्या आल्या. स्वतःची एक धरून 2002 च्या ड्राफ्टमध्ये पहिल्या 39 पैकी सात निवडी ओकलंडच्या! निक स्विशर त्यातलाच, डेमनच्या बदल्यात मिळालेल्या पाळीवर निवडलेला.

पण माझ्या मते या खेळातला सगळ्यात पक्का व्यवहार एंजल्स या संघाचा. जुलै 2008 मध्ये त्यांनी अटलांटाकडून मार्क टेशेरा घेतला, मोसम संपायला दोन महिने उरले असताना. हिवाळ्यात यांकीजनी त्याला 18 कोटी डॉलरना नेलं आणि आपली 25 वी पाळी एंजल्सना दिली. त्या पाळीवर एंजल्सनी माइक ट्राउट निवडला, जो पुढे तीनदा एमव्हीपी, म्हणजे मोसमातला सर्वांत मोलाचा खेळाडू, ठरला. त्याच हिवाळ्यात यांकीजनी मिलवॉकीचा सबाथियाही घेतला होता. पण एलायसच्या यादीत टेशेरा त्याच्या वर होता, म्हणून पहिल्या फेरीतली पाळी एंजल्सकडे गेली आणि मिलवॉकीला दुसऱ्या फेरीतल्या पाळीवर समाधान मानावं लागलं.

आता धोका. खेळाडू ‘हो’ म्हणाला तर? मग तो वर्षभर गळ्यात. पगारावर एकमत झालं नाही, तर लवाद दोन्ही बाजूंच्या आकड्यांपैकी एकच उचलतो, मधला काढत नाही. डिसेंबर 2002 मध्ये ग्रेग मॅडक्सने अटलांटाचा प्रस्ताव अनपेक्षितपणे स्वीकारला. शेवटी त्याचा पगार ठरला 1 कोटी 47 लाख 50 हजार डॉलर. तिजोरी सावरायला अटलांटाने त्या वर्षी 18 सामने जिंकून दिलेला केविन मिलवूड फिलाडेल्फियाला देऊन टाकला, बदल्यात घेतला एक राखीव कॅचर. म्हणूनच पुढेपुढे खेळाडू आणि संघ यांच्यात ‘आम्ही देतो, तुम्ही नाकारा’ असे तोंडी समझोते होऊ लागल्याचं बोललं जाई.

यात खरा भरडला जाई तो मधल्या फळीतला पिचर. सातव्या-आठव्या डावात येणारा हा माणूस एलायसच्या गणितात ‘ए’ ठरे. पण त्याच्यासाठी पहिल्या फेरीतली पाळी कोण घालवणार? जुना संघ प्रस्ताव देऊन मोकळा होई आणि नवे संघ त्याच्याकडे बघत नसत. मालकांनी संघांच्या तोट्याच्या नावाने मागितलेली भरपाई प्रत्यक्षात त्याच्या किमतीतून वसूल होत होती. खेळाडू संघटनेचा विरोध त्यामुळेच रास्त होता, असं मला वाटतं.

2012 पासून ‘ए’, ‘बी’ आणि एलायसची यादी गेली. आता संघ एका वर्षाचा ठरावीक रकमेचा प्रस्ताव देतो. सगळ्यात जास्त पगार घेणाऱ्या 125 खेळाडूंच्या पगाराची ती सरासरी असते, पहिल्या वर्षी 1 कोटी 33 लाख डॉलर. पहिली तीन वर्षं तो कुणीही स्वीकारला नाही. 2015 मध्ये कोल्बी रॅस्मस, मॅट वीटर्स आणि ब्रेट अँडरसन या तिघांनी ‘हो’ म्हटलं. मोसमाच्या मध्यात संघ बदललेल्या खेळाडूला मात्र आता हा प्रस्ताव देताच येत नाही. म्हणजे दोन महिन्यांच्या टेशेराकडून ट्राउट मिळवण्याची वाट बंद.