गाडी तुझ्या मापाची घे, बाई

अगं, उंची कमी म्हणून गाडी आपल्याला जमायची नाही, हे आधी डोक्यातून काढून टाक. परवा फोनवर तू हसत हसत बोललीस, पण माझ्या मनाला ते लागलं. आपण दोघी आईवर गेलोय, चार फूट अकरा इंच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आपल्या देशातल्या बायकांची सरासरी उंची १५२ सेंटीमीटरच्या आसपास निघते, म्हणजे जेमतेम पाच फूट. बेंबळीच्या बाजारात उभी राहा आणि बघ, निम्म्या बायका तुझ्याच खांद्याला खांदा लागेल एवढ्या आहेत. तू काही जगावेगळी बुटकी नाहीस. गाड्याच दुसऱ्या कुणाचं माप धरून बनलेल्या आहेत.

हे मी रागानं बोलत नाही, खरंच तसं आहे. अपघाताच्या चाचणीत गाडीत जो पुतळा बसवतात, तो वर्षानुवर्षं सरासरी पुरुषाचा, म्हणजे १७५ सेंटीमीटर उंच आणि ७८ किलो वजनाचा असायचा. बाईचा म्हणून जो पुतळा वापरतात, तो बहुतेक त्याच पुरुषाची लहान आवृत्ती. स्वीडनच्या ॲस्ट्रिड लिंडर या संशोधक बाईंनी आणि त्यांच्या चमूनं सरासरी बाईच्या शरीराचा पुतळा तयार केला तो २०२२ साली. तोही १६२ सेंटीमीटरचा, आपल्यापेक्षा चांगला अर्धी वीत उंच. तेव्हा कंपनीनं आपलं माप घेतलं असेल, या भरवशावर राहू नकोस. ते माप तूच घ्यायचं.

आता तुम्ही घ्यायची म्हणता त्या इलेक्ट्रिक गाडीचं ऐक. आमचे पाहुणे, म्हणजे तुझे यजमान, म्हणतात ते मायलेज, पेट्रोलची बचत सगळं खरं. पण तुझ्यासाठी इलेक्ट्रिक गाडीचा सगळ्यात मोठा फायदा कुणी सांगणार नाही, तो म्हणजे तिला क्लच नसतो. धाराशिवला ड्रायव्हिंग क्लासच्या गाडीत तू कशी बसायचीस, आठव. पाठीला उशी, सीट पार पुढे ओढलेली, छाती स्टिअरिंगला टेकायला आलेली, आणि तरी क्लच तळापर्यंत दाबताना डावी टाच हवेत. कमरेचं दुखणं तिथूनच सुरू झालं होतं तुझं. आपल्यासारख्या बायका स्टिअरिंगला चिकटून बसतात, कारण क्लच पूर्ण दाबल्याशिवाय गिअर पडत नाही. तो क्लचच नसला की डावा पाय निवांत बाजूला. उजव्या पायाला ब्रेक आणि ॲक्सिलरेटर नीट पोचले की झालं. सीट चार बोटं तरी मागे जाते. या चार बोटांचं मोल पुढे सांगते.

एअरबॅग स्टिअरिंगच्या मधोमध असते. ती उघडते डोळ्याचं पातं लवायच्या आत, आणि मोठ्या जोरानं. म्हणून अमेरिकेतल्या रस्ता सुरक्षेच्या सरकारी खात्याचा सल्ला असा, की छातीच्या मधल्या हाडापासून स्टिअरिंगच्या मध्यापर्यंत निदान १० इंच, म्हणजे २५ सेंटीमीटर जागा हवी. शोरूमला जाताना ब्लाउजचा टेप पर्समध्ये टाक. लाजू नकोस. सीट तुझ्या पायांना जुळवून घे, पाठ टेकव आणि पाहुण्यांना टेप धरायला सांग. २५ भरत नसतील तर पाठ थोडी मागे कलती कर, स्टिअरिंग खाली घे, परत मोज. तरीही भरले नाहीत तर ती गाडी तुझी नाही. रंग कितीही आवडू दे.

सीटची उंची हा दुसरा मुद्दा, आणि इथंच फसगत होते. ड्रायव्हरची सीट वर-खाली करायची सोय एकाच गाडीच्या सगळ्या प्रकारांत नसते. स्वस्तातल्या प्रकारात ती बहुधा गाळलेली असते, आणि ट्रायलला मात्र सगळ्यात वरचं मॉडेल देतात. तू त्यात मजेत बसतेस, घरी येतं ते खालचं. म्हणून जे मॉडेल घ्यायचं, त्याचंच नाव घेऊन विचार, "यात सीट उंच होते का?" आणि कोटेशनवर लिहून घे. मोठ्या स्क्रीनचे, चकाचक चाकांचे पैसे वाचव, पण या सोयीचे वाचवू नकोस. स्टिअरिंग मात्र या आकाराच्या बहुतेक गाड्यांत नुसतं वर-खाली होतं, आपल्याकडे ओढून घेता येत नाही. म्हणून तर सीटवर एवढा भर देते आहे.

सीट वर घेतलीस की बघ, नजर स्टिअरिंगच्या वरून जाते का? त्याच्या कडेच्या फटीतून रस्ता बघायचा नाही. बॉनेटचं टोक नाही दिसलं तरी कड दिसायला हवी. काचेच्या बाजूचा खांब जाड असतो, वळताना त्याच्यामागे आख्खी मोटारसायकल लपते. मान थोडी पुढे-मागे करून तेही बघ. गुडघ्याच्या मागे सीटची कड रुतत असेल तर सीट तुझ्या मांडीपेक्षा लांब आहे, तासाभरात पाय बधिर होतील. आणि पट्टा! पट्टा खांद्याच्या मधून, गळपट्टीच्या हाडावरून गेला पाहिजे. आपल्याला तो मानेला घासतो, मग बायका काय करतात, काखेखालून घेतात. असं कधीच करायचं नाही. बाजूच्या खांबावर पट्टा वर-खाली करायची खिट्टी असते का, तेवढं तपास. खालचा पट्टा पोटावर नको, कमरेच्या हाडावर हवा.

घरातली मऊ उशी खाली घेऊन बसायचा विचार करू नकोस. धक्का बसला की ती दबते, अंग पट्ट्याखालून पुढे सरकतं. उंची कमी पडतच असेल तर घट्ट, सीटला नीट बांधता येणारी गादी मिळते, ती चालेल. पण तीही सीट वर घेऊन झाल्यावरच.

आता गाड्या. कॉमेट तुला फोटोत आवडली, कळलं मला. एमजीची कॉमेट तीन मीटरहूनही लहान, २९७४ मिलिमीटर, चिंचोळ्या गल्लीतही वळेल. पण तिला दोनच दारं. मागे जायचं तर पुढची सीट सरकवून वाकून शिरायचं. आत्याबाई, तुझ्या सासूबाई, त्यांच्या गुडघ्यांना ते झेपेल का? चाकंही १२ इंची. पुण्या-मुंबईत एकटीनं ऑफिसला जायला ती छान आहे. बेंबळीत पाच माणसांच्या घराला नाही.

तुझ्यासाठी खरी निवड मला दोनच गाड्यांत दिसते, टियागो आणि पंच, दोन्ही टाटाच्या. टियागो ईव्ही २०२२ च्या सप्टेंबरात आली. लांबी ३७६९ मिलिमीटर, बॅटरी १९.२ किंवा २४ युनिटची. बुटकी गाडी आहे, साडी नेसून दार उघडलं की सरळ बसता येतं, चढावं लागत नाही. आत्याबाईंनाही सोपी. पंच ईव्ही २०२४ च्या जानेवारीत आली. ती ३८५७ मिलिमीटर, म्हणजे लांबीत चार-पाच बोटांचाच फरक, पण उंच. जमिनीपासून तिचं पोट १९० मिलिमीटर वर, टियागोचं १६६. आली तेव्हा बॅटऱ्या २५ आणि ३५ युनिटच्या होत्या. भारत एनकॅपच्या अपघात-चाचणीत तिला पाच तारे मिळाले. टियागोच्या पेट्रोल गाडीला २०२० साली ग्लोबल एनकॅपमध्ये चार मिळाले होते.

मला विचारशील तर पंच. तिच्यात तू उंचावर बसतेस, पुढचा रस्ता लवकर दिसतो, आणि आपल्याकडच्या शेतवाटा, मातीचे उंचवटे, पावसाळ्यात काळ्या चिखलात पडलेल्या चाकोऱ्या बघता ते १९० मिलिमीटर उपयोगी पडतात. पण आत्याबाईंना पाय उचलून चढायला जड जात असेल तर बिनधास्त टियागो घे, त्यात कमीपणा नाही. म्हणून ट्रायलला त्यांनाही घेऊन जा. आणि मागची डिकी तू स्वतः उघडून बंद कर. उंच गाड्यांचं डिकीचं दार वर गेलं की आपला हात पोचत नाही, मग बाजारात कुणाला तरी "दादा, जरा खाली ओढा हो" म्हणायची वेळ येते. चार्जिंगचं तोंड कुठं आहे तेही बघ. पंच ईव्हीचं पुढे, नाकावर आहे. तुमच्या अंगणात गाडी कुठं तोंड करून उभी राहील, त्यावर वायर पुरते की नाही ते ठरेल.

पाहुण्यांना मोठी गाडी हवी आहे, चार लोकांत शोभेल अशी. त्यांना माझ्या नावानं सांग, गाडी रोज चालवणार तू. शाळेत जाणं तुझं, पोरांना सोडणं तुझं, आत्याबाईंना दवाखान्यात नेणं तुझं. जी गाडी चालवताना तुझी मान आखडते, ती महिन्याभरात अंगणात उभी राहील आणि तू परत एसटीची वाट बघत थांबशील.

पल्ल्याची भीती घेऊ नकोस. कंपनी सांगते त्या आकड्यातून पाव भाग आधीच वजा कर, उन्हाळ्यात एसी लावून अजून थोडा. टियागोच्या मोठ्या बॅटरीला आधी ३१५ किलोमीटर सांगायचे, नव्या चाचणीनं तो आकडा २७५ वर आला. तरी रोज धाराशिवला जाऊन-येऊन चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर कुठल्याही गाडीला काहीच नाही. तेवढ्याला घरचे सहा-सात युनिट लागतील, हिशेब तूच कर. लातूरला जाऊन-येऊनही निभावेल. पुण्याला जायचं तर वाटेत थांबून चार्ज करावं लागेल, ते निघण्याआधी ठरवून ठेव.

खरी मेख आहे ती घरच्या विजेची. बॅटरी पार उतरलेली गाडी रात्री प्लगला लावली की सात-आठ तास तो प्लग पूर्ण भारानं चालतो. मिक्सरच्या, गिझरच्या बोर्डावर हे करायचं नाही. मीटरपासून जाड वायर, स्वतंत्र एमसीबी आणि १५ अँपियरचा नवा प्लग घाल. एक्स्टेंशन बोर्ड अजिबात नको. महावितरणकडे मंजूर भार किती आहे ते बिलावर लिहिलेलं असतं, कमी असेल तर अर्ज करून वाढवून घे. आणि अर्थिंग. अर्थिंग नीट नसलं तर गाडीचा चार्जर चालूच होत नाही, आणि मग लोक गाडीला नावं ठेवतात. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यात काळी जमीन भेगाळते, अर्थिंगचा खड्डा कोरडा ठणठणीत पडतो. त्यात अधूनमधून दोन बादल्या पाणी ओतायला पोरांना सांग. संध्याकाळी दाब कमी असतो, तेव्हा चार्जिंगला लावूच नकोस. जेवणं उरकली, गाव झोपायला लागलं की लाव.

या दोन्ही गाड्या आल्या तेव्हा बॅटरीला टाटा आठ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरची हमी देत होतं, यातलं जे आधी येईल ते. आता काय देतात त्याचे कागद नीट वाच. बऱ्याच इलेक्ट्रिक गाड्यांत स्टेपनी नसते, नुसतं पंक्चरचं किट देतात. शेताच्या वाटेला बाभळीचे काटे किती, तुला सांगायला नको, तेव्हा हे आधी विचार. पावसाळ्यात पुलावरून पाणी वाहत असेल तर बॅटरीत पाणी जात नाही म्हणून गाडी घालायची नाही. २०२५ च्या सप्टेंबरात आपल्या जिल्ह्यात पुराच्या पाण्यानं काय केलं, ते तू डोळ्यांनी पाहिलंयस. गाडी वाहून जायला बॅटरी भिजावी लागत नाही.

आणखी एक, ही गाडी आवाज करत नाही. नवरात्रात तुळजापूरच्या रस्त्यानं अनवाणी चालत जाणारी माणसं असतात, थकलेली, पाठमोरी. त्यांना तू आल्याचं कळणार नाही. वेग कमी ठेव, लांबूनच हलका हॉर्न दे, अंतर राखून जा. पाय उचलला की गाडी आपोआप मंदावते, त्याची सवय गावाबाहेरच्या मोकळ्या रस्त्यावर आधी करून घे.

तर आता असं कर. गावातल्या वायरमनला बोलावून अर्थिंग आणि भार तपासून घे. मग सुट्टीचा दिवस सोडून, दुकानात गर्दी नसेल तेव्हा, रोजची चप्पल घालून आणि रोजची साडी नेसून ट्रायलला जा. चालवायची तू, पाहुणे शेजारी, आत्याबाई मागे. दहा मिनिटांची चक्कर देतील, तू तासभर माग. टेपवर २५ सेंटीमीटर भरल्याशिवाय बुकिंगचा एक रुपयाही देऊ नकोस.