हळकुंड आणि हायड्रोजन

हिंगोली आणि वसमतच्या बाजारात तुम्ही हळदीचे ढीग पाहिले असतील. घरी एक प्रयोग करा. दोन पेल्यांत पाणी घ्या. एकात अख्खे हळकुंड टाका, दुसऱ्यात तेवढ्याच वजनाची दळलेली हळद. दुसऱ्या पेल्यातले पाणी लगेच पिवळे होईल. हळद तेवढीच, मग फरक कशाने पडला? हळकुंडाचा फक्त बाहेरचा भाग पाण्याला लागतो. आतली हळद कोंडलेली राहते.

आता हायड्रोजनकडे वळू. हा वायू जळला की पाणी तयार होते, धूर होत नाही. शेतातल्या युरियासाठी लागणारा अमोनियाही हायड्रोजनपासूनच करतात. पण नैसर्गिक वायूपासून १ किलो हायड्रोजन काढताना सुमारे ९ ते १० किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. मग हे इंधन स्वच्छ कसले? दुसरा मार्ग पाण्याचा. पाण्यातून वीज सोडली की हायड्रोजन व ऑक्सिजन वेगळे होतात. ही वीज सूर्यापासून किंवा वाऱ्यापासून मिळवता येते.

हे काम कमी विजेत, भराभर व्हावे म्हणून उत्प्रेरक लागतो. उर्दूत त्याला अमल-अंगेज म्हणतात. तो क्रियेचा वेग वाढवतो, पण स्वतः खर्ची पडत नाही. प्लॅटिनम हा उत्तम उत्प्रेरक आहे, पण फार महाग! त्याचा जाड पत्रा वापरला तर हळकुंडासारखेच होईल. आतले प्लॅटिनम वाया जाईल. म्हणून त्याचे अतिसूक्ष्म कण करतात. तरी अडचण संपत नाही. दमट हवेत हळदीच्या गुठळ्या होतात ना, तसे हे कणही एकमेकांना चिकटतात. त्यांना पसरून धरून ठेवणारा आधार हवा. सहारा म्हणा, हा शब्द तुमचाही आहे आणि मराठीचाही.

हा आधार बहुधा कार्बनच्या सच्छिद्र पुडीचा असतो. अशा १ ग्रॅम पुडीचा पृष्ठभाग, छिद्रांच्या आतल्या भिंती धरून, २०० चौरस मीटरांहून अधिक असू शकतो. व्हॉलीबॉलचे मैदान १६२ चौरस मीटरांचे असते! ऑगस्ट २०२२ मध्ये पुण्यात हायड्रोजनवर वीज तयार करून चालणारी देशी बस दाखवण्यात आली. अशा बसच्या इंधनघटातही कार्बनवर बसवलेले प्लॅटिनमच सहसा काम करते.

पाण्याच्या यंत्रात जिथे ऑक्सिजन निघतो, तिथे मात्र कार्बन टिकत नाही. ऑक्सिजनच त्याला हळूहळू खाऊन टाकतो. आधार झिजला की कण निखळतात. आणि तिथे तर प्लॅटिनमहूनही दुर्मिळ इरिडियम लागते. म्हणून शास्त्रज्ञ टिटॅनियम ऑक्साइडचा आधार वापरून पाहतात. भिंतीच्या पांढऱ्या रंगात असते तेच हे द्रव्य. ते झिजत नाही, पण त्यातून वीज नीट वाहत नाही. मग त्यात थोडे नायोबियम मिसळतात.

भारताने जानेवारी २०२३ मध्ये ठरवले, की २०३० पर्यंत दरवर्षी ५० लाख टन हरित हायड्रोजन तयार करण्याची क्षमता उभारायची. आधार जितका चांगला, तितके या यंत्रांना इरिडियम कमी लागेल.