स्पॅनिशमधला उद्या

चि. सईस,


भविष्यकाळाचे तक्ते डोक्यात राहत नाहीत, असं तू लिहिलंस. तक्ता मिटून ठेव. वर्तमानकाळात आर, एर, इर अशा तीन गटांची तीन तऱ्हांनी रूपं चालवलीस, तसं इथे काही नाही. क्रियापद अख्खं ठेवायचं आणि पुढे जोडायचं ए, आस, आ, एमोस, एइस, आन. आब्लार म्हणजे बोलणं. आब्लारे, मी बोलेन. कोमेरे, मी खाईन. बिबिरे, मी राहीन. मराठीत 'बसेन' पण 'करीन' असा भेद आहे, स्पॅनिशमध्ये तोही नाही. अनियमित क्रियापदं डझनभर आहेत, ती सावकाश शीक. त्यांचेही प्रत्यय हेच.

हे प्रत्यय तुझ्या ओळखीचे आहेत. 'आबेर' या सहायक क्रियापदाचा वर्तमानकाळ म्हणून बघ, ए, आस, आ. लॅटिन बोलणारे 'गायचं आहे मला' अशा अर्थी 'कांतारे हाबेओ' म्हणत, ते झिजत झिजत एकच शब्द झालं. व्याकरणकार नेब्रिहाने १४९२च्या आपल्या स्पॅनिश व्याकरणात ही जोडणी नोंदवली आहे.

खरी मेहनत आघातावर घे. एमोस सोडला तर बाकी पाचही प्रत्ययांवर तिरपी रेघ असते, म्हणजे जोर शेवटच्या स्वरावर. 'आब्लारा'त तो 'रा'वर दिलास तर 'तो बोलेल'. 'ब्ला'वर दिलास तर 'तो बोलला तर' अशा वाक्यातलं निराळंच रूप होतं. मराठीत आघाताने अर्थ असा बदलत नाही, म्हणून आपला कान इथे बेसावध असतो. रूपं मोठ्याने म्हण, वहीत उतरवत बसू नकोस.

वापराचंही सांगते. उद्याचा बेत बोलताना लोक बहुधा 'बोय आ कोमेर', मी खाणार आहे, असंच म्हणतात. भविष्यकाळ अंदाजाला फार शोभतो. 'के ओरा सेरा?' म्हणजे किती वाजले असतील? 'सेरान लास त्रेस', तीन वाजले असतील. आपणही अंदाज 'असेल'नेच करतो, तेव्हा हे तुला आपसूक जमेल.

जिथे मराठी दगा देते, तिथे मात्र जप. 'तू पोचशील तेव्हा आपण बोलू' यातलं 'पोचशील' भविष्यकाळात घालू नकोस. 'कुआंदो'नंतर पुढची गोष्ट आली की स्पॅनिश संभावनार्थ घेते, 'कुआंदो येगेस, आब्लारेमोस'. अशी दहा वाक्यं करून पाठव, मी तपासून देईन.

तुझी,
मावशी