कानातली शिट्टी आणि हातातला फोन

अगं, रात्री दोन वाजता फोनवर ‘कानात आवाज का येतो’ हे शोधत बसणं आधी बंद कर बघू. त्यातून फक्त धास्ती वाढते.

पहिलं काम, कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जायचं आणि ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी, करून घ्यायची. कधी नुसता मळ साठलेला असतो. कधी ऐकणंच कमी झालेलं असतं आणि श्रवणयंत्रानं बराच आराम पडतो. आवाज एकाच कानात असेल, नाडीबरोबर धपधप होत असेल किंवा चक्कर येत असेल, तर टाळाटाळ नको. अचानक ऐकू येईनासं झालं तर त्याच दिवशी जा.

खरं सांगू का, खचायला होतं ते पुढे. रिपोर्ट ठीक येतात, ‘सवय करून घ्या’ असं सांगून घरी पाठवतात, आणि सवय करायची कशी ते कुणी शिकवत नाही. नव्या फ्रिजची घरघर चार दिवस झोपू देत नाही, मग ऐकूही येत नाही, कारण तिची भीती नसते. कानातल्या शिट्टीची भीती असते, म्हणून मन तिच्यावर पहारा देत बसतं. सीबीटी नावाचं समुपदेशन नेमकं या भीतीवर काम करतं. त्यानं आवाज कमी होईलच असं नाही, पण त्याचा जाच कमी होतो.

हे आता फोनवरही मिळतं. जर्मनीत ‘कालमेडा’ नावाचं ॲप 2020 पासून डॉक्टर चिठ्ठीवर लिहून देऊ शकतात. ‘माइंडइअर’ या ॲपचा ऑकलंडच्या संशोधकांनी केलेला अभ्यास 2024 मध्ये आला. माणसं तीसच होती, पण बऱ्याच जणांना फरक पडला. सोबत मानसशास्त्रज्ञाशी ऑनलाइन बोलणाऱ्यांना लवकर पडला.

अशा समुपदेशनात होतं काय, बघ. तू लिहितेस, ‘आज झोप नाही, उद्या माझं काही खरं नाही.’ तिकडून प्रश्न येतो, मागच्या वेळी असं झालं तेव्हा दुसरा दिवस कसा गेला? मग तुझं तुलाच आठवतं, डबा केला होता, लोकल पकडली होती, कामही उरकलं होतं. पुढे थोडा श्वासाचा व्यायाम, आणि पावसाचा हलका आवाज. तो शिट्टी पार बुडवण्याइतका मोठा नको हं, आणि इअरफोन कानात घालून झोपू नकोस.

‘सात दिवसांत आवाज गायब’ म्हणणारं ॲप मात्र सरळ काढून टाक. ॲपवर इंग्रजीत मन मोकळं होत नसेल, तर 14416 लाव. ही सरकारची टेली-मानस सेवा आहे, फुकट, रात्रंदिवस, मराठीतही. कानाचा इलाज तिथे नाही, पण जीव घाबरा झाला की बोलायला माणूस आहे. ‘एवढ्याशा आवाजासाठी कसा फोन करू’ असं मनातही आणू नकोस.

या सरावाला रोज दहा-पंधरा मिनिटं दे, ठरलेल्या वेळी, अंथरुणात शिरायच्या आधी. पहिल्या आठवड्यात काही वाटलं नाही तरी सोडू नकोस गं. आणि ऑडिओमेट्रीचा कागद फाइलला लावून ठेव, पुढच्या तपासणीला लागतो.