दरूद : अर्थ आणि मोबदला

पवित्र कुरआनच्या सूरह अहजाबमधील ५६ व्या आयतीत अल्लाहने फर्माविले आहे की, तो आणि त्याचे फरिश्ते प्रेषितांवर 'सलात' पाठवितात. म्हणून ईमानधारकांनीही त्यांच्यावर दरूद व सलाम पाठवावा. अल्लाहची सलात म्हणजे त्याची कृपा व प्रशंसा, फरिश्त्यांची सलात म्हणजे दुआ, आणि आपली सलात म्हणजे अल्लाहजवळ केलेली याचना.

दरूद कसा पाठवावा, असे सहाबांनी विचारले, तेव्हा प्रेषित मुहम्मद (स.) यांनी शिकविलेला दरूद 'अल्लाहुम्मा', अर्थात 'हे अल्लाह', या हाकेने सुरू होतो. आज्ञा आपल्याला झाली आणि आपण अल्लाहलाच विनवितो! प्रेषितांच्या उपकारांची फेड आपल्या आवाक्याबाहेरची आहे, याचीच ही कबुली होय.

सहीह मुस्लिममधील हदीसनुसार, एकदा दरूद पाठविणाऱ्यावर अल्लाह दहा वेळा कृपा करतो. मागितले प्रेषितांसाठी, लाभले आपल्यालाही! याउलट, प्रेषितांचे नाव ऐकूनही जो दरूद पाठवीत नाही, त्याला तिरमिजीतील हदीसमध्ये कंजूष म्हटले आहे. कारण जेथे कवडीचाही खर्च नाही, तेथेही तो हात आखडतो.

म्हणून घरात प्रेषितांचे नाव निघताच दरूद घाईने अर्धवट पुटपुटू नये. तो स्पष्ट उच्चारावा, म्हणजे मुलांच्या कानी त्याचे शब्द पडतील आणि मनी त्याचा अर्थ रुजेल.